परदेशच्या सहलीआधी : नावे, तारखा आणि कागद

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि जमाखर्चाचे वाचन आटोपल्यावर जो वक्ता उभा राहतो, त्याच्या श्रोत्यांचे अर्धे लक्ष पलीकडे मांडलेल्या पंक्तीकडे असते, हे आम्ही जाणून आहोत. तरीही आपण बसून राहिलात याबद्दल प्रथम आभार मानतो.

आपल्या समाजातील काही कुटुंबे येत्या दिवाळीच्या सुटीत एकत्र परदेशी जाणार आहेत, त्यांना उपयोगी पडेल असे काही बोलावे, अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही प्रथम नकार दिला. आमचे शिक्षण मॅट्रिक आणि त्यापुढील अध्यापनाची पदविका. नोकरी केली ती प्राथमिक शाळेत. आणि परदेश पाहिला तो एकदाच, सिंगापूर व मलेशिया, तोही आठ दिवसांत. एवढ्या भांडवलावर व्याख्यान देणे म्हणजे एका रिळाच्या सुतावर चादर विणावयास बसण्यासारखे आहे. पुढे आम्ही तो नकार मागे घेतला. त्याचे कारण ओघात सांगणार आहोत. ते सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही.

आपले पूर्वज निजामाच्या मुलखातून, म्हणजे आजच्या तेलंगणातून, बिऱ्हाड पाठीशी बांधून सोलापुरास आले, तेव्हा त्यांनीही एक राज्य ओलांडून दुसऱ्या राज्यात पाऊल टाकले होते. पलीकडे निजामाचा हाली सिक्का, अलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. जवळची नाणी बदलून घेणे हीच त्यांची परकीय चलनाची सारी तयारी. नाव, गाव, जन्मतारीख यांचे भेंडोळे काखोटीस मारून कोणी आल्याचे आम्ही घरच्या वडीलधाऱ्यांकडून कधी ऐकले नाही. हातात कसब होते, आणि मागावर बसल्यावर त्या कसबाची साक्ष कोणी कागदावर मागत नसे.

याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी, आणि १९४२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. परदेशगमन म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे एक तर असे थोर कार्य येते, नाही तर आखाती देशांतील पोटापाण्याची मजुरी येते. केवळ हौसेखातर चार दिवस परदेशी जावे, ही कल्पना आपल्या घरांत नवी आहे. तीत काही वावगे आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, तिने एकदा विमानाच्या खिडकीतून ढग खाली गेलेले पाहिले, तर त्यात कोणाचे काय बिघडते? बिघडते ते कागदांचे. म्हणून त्यांच्याकडे वळतो.

पारपत्र, ज्याला आपण सारे पासपोर्ट म्हणतो, ते देणे न देणे ही एके काळी सरकारची मर्जी मानली जात असे. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे; आणि त्याच वर्षी २४ जून रोजी पारपत्र अधिनियम अस्तित्वात आला. तेव्हा पारपत्राच्या खिडकीसमोर आपण याचक म्हणून उभे राहत नाही, हक्कदार म्हणून उभे राहतो. परंतु हक्कदाराने आपण कोण हे सिद्ध करावयाचे असते, आणि नेमके तेथेच आपल्या समाजाचे घोडे अडते.

आता आम्ही ते कारण सांगतो. ज्या भगिनीची ही हकीकत आहे तिची अनुमती आम्ही घेतली आहे. नाव मात्र सांगणार नाही.

दोन वर्षांपूर्वी एके सायंकाळी एक बाई मुलाला घेऊन आमच्या दारी आली. आम्ही ओळखले नाही. तिने वाकून नमस्कार केला आणि सांगितले की, ती आमच्या पहिलीच्या वर्गात होती, वर्ष १९८४. चौथीपर्यंत शिकली, मग घरी विड्यांचे काम आले, पुढे लग्न झाले, पुढे वैधव्य. एकुलता मुलगा शिकून पुण्यास नोकरीस लागला आणि पहिल्या मोठ्या बचतीतून त्याने आईला सिंगापूर दाखवावयाचे ठरविले. आमच्यासारखाच एक जथा निघाला होता, त्यात दोघांचे पैसे भरले. मुलाने आईच्या पारपत्राचा अर्ज केला आणि तो अडकला. जथा निघून गेला, पैशांतील बराचसा भाग बुडाला, आणि मुलाची रजाही वाया गेली.

अडकला तो असा. आधारपत्रावर तिचे माहेरी ठेवलेले, घरी हाक मारावयाचे तेलुगू वळणाचे नाव व सासरचे आडनाव. जन्मतारीख १ जानेवारी, कारण आधार काढतेवेळी तिने फक्त साल सांगितले होते. मुलाने विचार केला की, जितके कागद अधिक तितका अर्ज बळकट. म्हणून त्याने आईचा चौथीचा शाळा सोडल्याचा दाखलाही जोडला. त्या दाखल्यावर नाव निराळे, माहेरच्या घराण्याचे नाव एक अक्षर गाळून लिहिलेले, आणि जन्मतारीख १ जून. कागद दोन आणि बायकाही जणू दोन. अधिकाऱ्याने विचारणा केली यात त्याचा दोष नव्हता.

मुलाने तो दाखला आमच्यापुढे ठेवला. दाखला पुढे कधी तरी दुसऱ्या कोणी लिहून दिलेला होता. पण त्यातील मजकूर ज्या जनरल रजिस्टरातून उतरविला होता, त्यातील ती नोंद आमच्या हातची होती. बाई सहज म्हणाली, "गुरुजी, ते नाव तुम्हीच घातलं होतं की हो."

होय, आम्हीच घातले होते. जून महिन्यात पोरांना दाखल करावयाला आया येत. त्या तेलुगूत नाव सांगत. आम्हीही त्याच भाषेत वाढलेलो. तरीही लेखणी हाती घेतल्यावर आम्हांस वाटे की, शाळेच्या पटावर काही शोभेलसे नाव असावे. नरसव्वाची नर्मदा व्हावी, लक्ष्मव्वाची लक्ष्मी व्हावी, व्यंकटेशमचा व्यंकटेश व्हावा, तसे आम्ही कित्येकांचे केले. त्यात आम्हांस उपकाराची भावना होती, हे आज सांगतानाही संकोच वाटतो. जन्मतारीख विचारली तर उत्तर मिळे, "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी", किंवा "रथाच्या वेळी पोटात होती". नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवावरून आपल्या घरांत काळ मोजला जाई. पण रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि मूल सहा वर्षांचे दिसले पाहिजे, म्हणून सहा वर्षे मागे मोजावयाची आणि १ जून लिहून टाकावयाचे. एकट्या आम्हीच असे केले असे नव्हे. महाराष्ट्रात गावोगावच्या शिक्षकांनी हेच केले आहे. १ जून रोजी ज्यांचा वाढदिवस येतो अशांची आपल्या समाजातील संख्या कोणी मोजली तर हा मांडव पुरणार नाही. आमचीही तारीख तीच. आमच्या गुरुजींनी लिहिलेली. म्हणून तर आम्ही ३१ मे २०१८ रोजी निवृत्त झालो.

परंतु 'सगळेच करीत होते' हे उत्तर त्या बाईला देता येईना. आम्ही तिच्याबरोबर शाळेत गेलो, मुख्याध्यापकांना भेटलो, रजिस्टरातील उतारा मागितला. तेथे कळले ते आपणही ध्यानात ठेवावे : विद्यार्थी शाळेत शिकत असेतो नोंद दुरुस्त करण्यास वाट असते, शाळा सोडल्यावर ती सहजासहजी हलत नाही. मग नावासाठी प्रतिज्ञापत्र झाले, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना प्रसिद्ध झाली, आधारपत्रावरील तारीख दाखल्याप्रमाणे करून घेतली, मग अर्ज पुन्हा केला. या साऱ्यास नऊ महिने लागले. नाव तिचे तिला परत मिळाले. तारीख मात्र आम्ही कल्पनेने लिहिलेली, तीच कायम झाली. नागपंचमी कोणत्याच कागदावर आली नाही.

हे सांगितले ते अश्रू काढण्यासाठी नव्हे. परदेशच्या सहलीची तयारी तिकिटापासून सुरू होते असा समज आहे, तो आम्हांस मोडावयाचा आहे. ती सुरू होते कपाटातील सर्व कागद एका चटईवर पसरून, प्रत्येकावरील नाव आणि तारीख मोठ्याने वाचण्यापासून. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, शाळेचा दाखला, विड्यांच्या कारखान्याचे ओळखपत्र, बँकेचे पुस्तक. घरात वाचणारा एक व ऐकणारा एक असावा. जेथे अक्षर निराळे ऐकू येईल तेथे खूण करावी. आपल्या घराण्यांची नावे तेलुगू, ती लिहिली मराठीत आणि छापली गेली इंग्रजीत. म्हणून एकाच घरातील दोन भावांपैकी येमुल हे आडनाव एक 'वाय' या अक्षराने सुरू करतो व दुसरा 'ई'ने, हे आम्ही पाहिले आहे. ज्याचे त्याचे सर्व कागद एका वळणाचे असतील तर भावाभावांत फरक असूनही चालते. पण एकाच माणसाचे दोन कागद दोन वळणांचे नसावेत.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये, हे आवर्जून सांगतो. काही जुन्या पारपत्रांवर केवळ एकच नाव आहे. संयुक्त अरब अमिरातीने, म्हणजे दुबईकडच्या सरकारने, नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकेरी नावाच्या पारपत्रावर पर्यटनाचा प्रवेश नाकारण्याचा नियम केला. पुढे, दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास चालेल असा खुलासाही झाला. विमानतळावर उभे राहून खुलासे शोधण्यापेक्षा घरी बसून रकाना भरणे सोपे.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. लग्नात आडनाव तर बदलतेच, पण कित्येक घरांत तांदळांच्या ताटात अंगठीने नवे नावच लिहिले जाते. हौस म्हणून ते लिहावे. कागदावर उतरवावयाचे असेल तर सर्वच कागदांवर उतरवावे, नाही तर कोठेच उतरवू नये. विवाहित अर्जदाराने लग्नाचे प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे ही अट डिसेंबर २०१६ मध्ये काढून टाकण्यात आली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्याच वेळी जन्मतारखेच्या पुराव्याचे नियमही सैल झाले : तोवर २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांस जन्मदाखल्याची सक्ती होती, ती जाऊन शाळेचा दाखला, पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आयुर्विम्याची पॉलिसी यांपैकी कोणताही एक पुरावा चालू लागला. एक म्हटले आहे. तेव्हा एकच द्यावा, आणि तो असा द्यावा की बाकीच्यांशी भांडणार नाही.

ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे त्यांनी मात्र कान द्यावा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी जन्मदाखला हाच पारपत्राकरिता जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरविण्यात आला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदांत प्रथम स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशा क्रमाने लिहावयाचे ठरले आहे. एक वर्ष उलटून गेल्यावर जन्मनोंद करावयाची तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. सारांश, बारशाला आत्याने नाव सांगितले की दुसऱ्याच दिवशी महानगरपालिकेची वाट धरावी, व अर्जावरील इंग्रजी अक्षरे स्वतः तपासून पाहावीत. पुढे कोणा गुरुजींच्या लहरीवर ते सोडू नये.

पारपत्राच्या अर्जाची रीत आता अवघड राहिलेली नाही. अर्ज संगणकावर भरावा, शुल्क भरावे, दिवस व वेळ निवडावी. पूर्वी आपल्याला पुण्यास हेलपाटे घालावे लागत. २०१७ साली टपाल कार्यालयांत पारपत्र सेवा केंद्रे उघडण्याची योजना निघाली आणि सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयातही असे केंद्र झाले. निर्णय पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाचा असतो, छायाचित्र व बोटांचे ठसे येथेच घेतात.

बोटांच्या ठशांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण ही अडचण कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. तंबाखूच्या पानावर वर्षानुवर्षे बोटे घासून आमच्या मातृवर्गाच्या बोटांवरील रेषा झिजून गेल्या आहेत. सूत सांधणाऱ्यांचीही तीच गत. यंत्र त्या बोटाला बोट मानावयास तयार होत नाही. आमच्या त्या विद्यार्थिनीला अकरा वेळा बोट टेकवावे लागले. मागच्या रांगेतील कोणी तरी हसले, तेव्हा ती ओशाळली. ओशाळण्यासारखे त्यात काही नव्हते. ठसे द्यावयाच्या आधी आठ-दहा दिवस रात्री कोमट पाण्यात हात बुडवून खोबरेल चोळावे, शक्य असेल तर तेवढे दिवस विड्यांना सुटी द्यावी, आणि केंद्रावर जाताना मात्र हात स्वच्छ कोरडे ठेवावेत. अधिकाऱ्यास आधीच नम्रपणे सांगावे की हे विडीकामगाराचे हात आहेत. परदेशी विमानतळावरही हीच परीक्षा पुन्हा होते, तेथेही गांगरू नये. ते लोक चेहरा व डोळेही पाहतात.

दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर, वय पन्नासहून कमी असल्यास आणि प्राप्तिकर भरणे वगैरे अन्य सवलत लागू नसल्यास, 'ईसीआर' असा शेरा येतो. तो पाहून कित्येकांचे धाबे दणाणते. हा शेरा मजुरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणाकरिता आहे. ज्या अठरा देशांना तो लागू आहे त्यांत मलेशिया, थायलंड व आखाती देश येतात. सहलीस जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही. परतीचे तिकीट व राहण्याच्या जागेचा कागद हाताशी असावा म्हणजे झाले. अर्जानंतर पोलीस चौकशीस घरी येतात. त्या दिवसांत घराला कुलूप लावून पंढरपुरास जाऊ नये.

पारपत्र हाती आले की त्याची मुदत पाहावी. सिंगापूर, मलेशिया आणि इतरही पुष्कळ देश, प्रवेशाच्या दिवशी पारपत्र निदान सहा महिने चालणारे असले पाहिजे, असा आग्रह धरतात. 'अजून चार महिने आहेत की' हे उत्तर तेथे चालत नाही.

व्हिसा, म्हणजे त्या देशाचा प्रवेशपरवाना, हे प्रकरण देशागणिक बदलते आणि वर्षागणिकही बदलते. सिंगापूरसाठी तो आधी, अधिकृत मध्यस्थामार्फत घ्यावा लागतो. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांस तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला. अशा सवलती मुदतीच्या असतात व वाढविल्या जातात, म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. दोन्ही देशांत उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत संगणकावर आगमनपत्र भरावे लागते. सिंगापूरचे आगमनपत्र विनामूल्य आहे. त्याच्यासारखीच पाने बनवून पैसे उकळणारी दुकाने फार झाली आहेत. आमच्या जथ्यातील एका गृहस्थांनी चार माणसांचे मिळून सहा हजार भरले आणि आम्हांस मोठ्या अभिमानाने पावती दाखविली. आम्ही काही बोललो नाही. सहलीचा पहिलाच दिवस होता.

पशुपतिनाथाच्या दर्शनास नेपाळला जाणारे आपल्यात बरेच आहेत. तेथे व्हिसा नाही, पारपत्राचीही सक्ती नाही. परंतु पारपत्र नसेल तर मतदार ओळखपत्र पाहिजे. आधारपत्र केवळ १५ वर्षांखालील मुलांना व ६५ वर्षांवरील वृद्धांना चालते. हा एक बारकावा चुकल्यामुळे कुटुंबातील म्हातारी पुढे व कर्ता मुलगा मागे, अशी ताटातूट होऊ शकते.

आता प्रकृतीविषयी. प्रवासाचा विमा उतरविताना मधुमेह व रक्तदाब लपविण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, कारण हप्ता वाढतो. लपविलेल्या रोगावर परदेशातील रुग्णालयात खर्च झाला तर विमा कंपनी तो नाकारू शकते, आणि तो खर्च एखाद्या यंत्रमागाच्या किमतीएवढा होऊ शकतो. जे आहे ते लिहावे. औषधे मूळ पाकिटांतच, हातातील पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. वेदनाशामक व झोपेच्या काही गोळ्यांना दुबईकडे फार कडक नियम आहेत. आणि गुडघ्यांचा विचार आधी करावा. मलेशियातील बाटू गुहांच्या मुरुगन देवस्थानास २७२ पायऱ्या आहेत. तुळजापुरास पायऱ्या उतरून देवीपाशी जातो, येथे देव वर बसला आहे. आमच्या कुटुंबाने निघण्यापूर्वी दीड महिना रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फेऱ्या मारल्या, म्हणून त्या वर पोहोचल्या. आम्ही मारल्या नाहीत, म्हणून आम्ही खालूनच हात जोडले.

खाण्याचे पदार्थ नेण्याविषयी बायकांना सांगावे लागत नाही, काय नेऊ नये ते सांगावे लागते. खसखस सिंगापुरात व अमिरातीत निषिद्ध आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून तिला तेथे मादक द्रव्यांच्या पंक्तीत बसविले आहे. दिवाळीत निघणाऱ्यांनी अनारसे आणि खसखशीचे लाडू घरच्यांना खाऊ घालून निघावे. सुके खोबरे लवकर पेट घेते म्हणून विमानात अडवितात. तंबाखू, गुटखा, मावा यांची पुडी खिशात विसरून सिंगापुरात उतरणे म्हणजे दंडाला निमंत्रण. ज्यांना ही सवय आहे त्यांनी त्या निमित्ताने आठ दिवस काढून पाहावे. आपली कडक भाकरी व शेंगांची चटणी मात्र उत्तम. भाकरी वाळलेली, चटणी कोरडी, दोन्ही आठ दिवस टिकतात. आमच्या जथ्यात तिसऱ्या दिवसापासून श्रीमंत हॉटेलातील नाश्ता सोडून लोक आमच्या खोलीत येऊ लागले.

पैशांचे थोडक्यात सांगतो. एके काळी परदेशी जाणाऱ्याच्या हातावर मोजके आठ डॉलर ठेवले जात. आज वर्षाला अडीच लाख डॉलरांपर्यंत नेता येतात, तेव्हा कायदा आपल्याला पुरून उरतो. नोटांच्या रूपाने तीन हजार डॉलरांपेक्षा अधिक नेता येत नाहीत. बाकी कार्डावर घ्यावेत. सहलीच्या एकूण रकमेवर कंपनी प्राप्तिकरापोटी काही रक्कम कापून घेते. तिचे दर अंदाजपत्रकांत बदलत आले आहेत. ती बुडाली असे समजू नये. विवरणपत्र भरून ती वळती करून घेता येते वा परत मागता येते. त्यासाठी पॅनवरील नाव बरोबर पाहिजे, पुन्हा नावच.

सर्व कागदांच्या तीन प्रती काढाव्यात : एक जवळ, एक जोडीदाराच्या पिशवीत, एक घरी राहणाऱ्या विश्वासू माणसापाशी. मुंबईचे विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशीच मुंबईत असावे. आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी पोहोचविते खरी, परंतु गाडीच्या वेळेवर विमानाचा भरवसा ठेवू नये. फोनला वीज पुरविणारी बॅटरी हातातील पिशवीतच ठेवावी. आम्ही मोठ्या पेटीत घातली आणि मुंबई विमानतळावर आमचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले गेले. सदतीस वर्षे आम्ही पट पुकारला; आमचा पट कोणी पुकारण्याची ती पहिलीच वेळ.

आता शेवटची गोष्ट. या दिवाळीच्या जथ्यात ती आमची विद्यार्थिनीही आहे. दोन वर्षांपूर्वी चुकली तीच सहल, तोच मुलगा. या वेळी सूनही बरोबर आहे. तिच्या पारपत्रावर तिचे स्वतःचे नाव आहे, ते आम्ही चष्मा लावून अक्षर अक्षर तपासले आहे.

अध्यक्षमहाराजांच्या संमतीने आम्ही असे ठरविले आहे की, येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसू. ज्यांना परदेशी जावयाचे आहे त्यांनी, आणि ज्यांना जावयाचे नाही त्यांनीही, घरातील सर्वांचे कागद घेऊन यावे. आमच्या शाळेत १९८१ ते २०१८ या काळात ज्यांची नावे दाखल झाली, त्यांनी तर अवश्य यावे. येताना मूळ कागद आणावेत. झेरॉक्सवर अक्षरे नीट उमटत नाहीत आणि आमची दृष्टी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.